‘मरत होता’, ‘मेला’ की ‘मेलेला आहे’? ग्रीक क्रियापद मराठीत आणताना

प्राचीन ग्रीकमध्ये भूतकाळाकडे झुकणारी तीन मुख्य रूपं आहेत: इम्परफेक्ट, एओरिस्ट आणि परफेक्ट. संस्कृत शिकून आलेल्याला ती ओळखीची वाटतात, आणि तिथेच पाय घसरतो. संस्कृतातही भूतकाळ तीन, व्याकरणात त्यांची नावं लङ्, लुङ् आणि लिट्. ग्रीक इम्परफेक्ट ‘एफेरॉन’ (मी वाहत होतो) आणि आपलं लङ्‌मधलं ‘अभरम्’ ही सख्खी भावंडं. एओरिस्टचं नातं लुङ्‌शी, परफेक्टचं लिट्‌शी. पण पाणिनीने वाटणी केली ती ‘कधी’वर: आजचं नसेल तर लङ्, त्यातही डोळ्यांआड घडलेलं असेल तर लिट्. ग्रीकमध्ये तिन्हींतली निवड ठरते ती क्रियेकडे कसं पाहिलं यावरून. ‘आपेथ्नेस्के’ म्हणजे मरत होता, ‘आपेथाने’ म्हणजे मेला, ‘तेथ्नेके’ म्हणजे मेलेला आहे.

खरी अडचण पहिल्या दोघांत. इम्परफेक्टला मराठीत एकच साचा पुरत नाही. ‘करत होता’ हा एक अर्थ, ‘करत असे’ हा दुसरा, आणि ‘करू पाहत होता’ हा तिसरा, जो नवशिक्यांच्या हातून हमखास निसटतो. ‘एपेइथे’ म्हणजे तो मन वळवत होता. वळलं की नाही, हे त्या रूपातून कळत नाही. ‘एपेइसे’ या एओरिस्टमध्ये मात्र मन वळलेलं असतं. ‘एबासिलेउए’ म्हणजे राज्य करत होता. याचाच एओरिस्ट ‘एबासिलेउसे’ आला की बरेचदा ‘गादीवर बसला’ असं लिहावं लागतं. पण सोबत वर्षांचा आकडा असेल, तर ‘इतकी वर्षं राज्य केलं’ हेच बरोबर. म्हणून रूप ओळखताच पेन उचलू नये, वाक्य संपेपर्यंत थांबावं.

परफेक्टने मला फारसं छळलं नाही. बायबलमध्ये येशूला क्रुसावर देणारा रोमी सुभेदार पिलात म्हणतो, ‘हो गेग्राफा, गेग्राफा’ (योहान १९:२२): लिहिलं ते लिहिलं, आता ते तसंच राहणार.

आज्ञार्थात तर भूतकाळाचा प्रश्नच नसतो, तरी निवड उरतेच. येशूने शिकवलेली भाकरीची एकच प्रार्थना बायबलमध्ये दोनदा येते: मत्तय (६:११) ती ‘दोस’ या एओरिस्टने सांगतो, सोबत ‘आज’ हा शब्द. लूक (११:३) ‘दिदू’ हे वर्तमानाच्या अंगाचं रूप घेतो, सोबत ‘दररोज’. दोन्हीकडे नुसतं ‘दे’ लिहून भागेल, पण लूकसाठी मी ‘देत जा’ असंच लिहीन.