मिरजेच्या मिस्त्रींकडे आजोबांचं मेज: काम चोख, तारीख खोटी

आधी तक्रार सांगून टाकते, म्हणजे कौतुक मोकळेपणानं करता येईल. "वीस दिवसांत नेऊन टाका वैनी," असं म्हणून मिस्त्रींनी नागपंचमीच्या आठवड्यात दुरुस्तीला घेतलेलं मेज मला मिळालं दिवाळीच्या तोंडावर. मध्ये सांगली-मिरज सात चकरा झाल्या. फोन केला की "रंधाच चाललाय बघा" हे ठरलेलं उत्तर. एकदा मी तिथेच दारात उभी राहून फोन लावला, तेव्हाही रंधाच चालला होता!

मेज म्हणजे मुनीमजीचं बैठं मेज. उतरतं झाकण, आत कप्पे, खाली एक खण. आजोबांची हळदीची अडत होती, माल हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, असायचा आणि हिशेब या मेजावर. १९९४ साली घर रंगवताना उरलेला चॉकलेटी ऑइल पेंट काकांनी त्याला फासला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात ते चार दिवस बुडून होतं. पाणी ओसरल्यावर मी शहाणपणा केला आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत घातलं. आठवड्यात झाकणाची फळी वाकली आणि मधोमध बोटभर चीर पडली.

मिस्त्रींनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सागवानाला पाण्यानं काय झालं नाही. त्याला तुमच्या उन्हानं मारलंय." सावलीत, खाली विटा लावून, वारा खेळता ठेवून महिनाभर वाळवायचं असतं म्हणे. हे ऐकायला मी सहा वर्षं उशिरा गेले.

रंग काढताना मीच एक अट घातली होती. कोरडं घासायचं नाही, जुन्या रंगातल्या विषारी शिशाची धूळ उडते. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा, आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यांनी रिमूव्हर लावून पत्रीनं खरवडला, ते बरं केलं. पण खरवडणारा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून बसला होता. मी बोलले, तर दोघंही हसले. हे मला आवडलं नाही, आणि पुढच्या खेपेला मास्कचं पाकीट मीच घेऊन गेले.

रंगाखालून जे निघालं, ते बघून मात्र मी गप्प झाले. मधासारखा सागवान, आणि जिथं जिथं लोखंडी खिळा, तिथं काळा डाग. ओल्या सागवानाला लोखंड लागलं की असं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं बरेच डाग फिके झाले. खिळे काढून टाकले, सांधे मुळात कुसवांचेच होते, म्हणजे खाचेत खुंटी बसवलेले, ते जुना सरस खरवडून पुन्हा बसवले. चिरेत लांबी (पुट्टी) भरून मोकळे होतील असं वाटलं होतं. त्यांनी डमरूच्या आकाराचे दोन तुकडे चिरेवर आडवे बसवले, शिसवाचे. दिसतात, आणि दिसू देत असं मीच म्हटलं.

खालची चौकट कुजली होती. तिला दुसरं लाकूड जोडल्यावर पॉलिशमध्ये ठिगळ उठून दिसणार, म्हणून तेवढाच भाग गडद हिरवा रंगवायचं ठरलं. इंटरनेटवर बघून अख्खं मेज पांढरं करून घ्यायचा माझा विचार होता, तो मिस्त्रींनी ऐकूनही घेतला नाही. आता हिरव्यावर सागवानी रंग बघते आणि त्यांचे उपकार मानते.

उशिराचं निम्मं कारण पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं लावायचं, एकावर एक हात. पावसाळी हवेत केलं तर पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून ते दसऱ्यापर्यंत थांबले. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझ्या चार चकरा वाचल्या असत्या! पॉलिश लावणारे चाचा पूर्वी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारींच्या भोपळ्यांना पॉलिश करायचे. झाकणात मला ट्यूबलाइट दिसते.

खणाच्या तळाला हळदीचा पिवळा डाग आहे. उन्हात उडाला असता, बंद खणात टिकला. "घासू का?" असं मिस्त्रींनी विचारलं, न विचारता घासला नाही, यासाठी वेगळा एक गुण. पितळी कडी मात्र एक हरवली आणि जागी चकचकीत नवी आली. जोडीची कडी मला जुन्या बाजारात ८० रुपयांना मिळाली.

एकूण ७,२०० रुपये, टेम्पोचे ६०० वेगळे. द्यायचं असेल तर दिवाळीनंतर द्या, मोजून कड्या लिहून घ्या आणि फोनवर विसंबू नका. सकाळी दहाच्या आत गेलात तर मिस्त्री भेटतात, नंतर समोरच्या चहाच्या गाड्यावर. आणि गरम कप थेट मेजावर ठेवू नका, लाखेवर पांढरं कडं उमटतं. माझ्याकडे एक उमटलंय, जावयांनी ठेवला होता.