राजगड–तोरणा डोंगरधार: नऊ महिन्यांत चार वेळा चालल्यावर

ऑक्टोबरात पहिल्यांदा ही धार चाललो. मग डिसेंबरात, फेब्रुवारीत आणि जूनच्या सुरुवातीला. तीनदा राजगडाकडून तोरण्याकडे, एकदा उलट. पहिल्या वेळी इतका भारावलो होतो की लगेच लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच उतरलं असतं.

आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या गुंजवणे गावातून राजगड चढायचा, पद्मावती माचीवर (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालचा तटबंदीचा भाग) मुक्काम करायचा आणि अंधारातच निघायचं, म्हणजे संजीवनी माचीवर उजाडतं. ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली. तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती, म्हणजे बाहेरून दुसरी भिंत असलेले, बुरूज मी चारही वेळा थांबून पाहिले. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात वारा एकदम पडतो आणि स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. ऑक्टोबरात खालचे उतार सोनकीनं पिवळेधमक झाले होते. समोर तोरणा, उजवीकडे गुंजवणी धरणाचं पाणी, डावीकडे भाटघर धरणाचा फुगवटा. सह्याद्रीत याहून देखणी सकाळ मी पाहिलेली नाही.

संजीवनीवरच्या अळू दरवाज्यातून उतरलं की खरी धार सुरू होते. डांबरी रस्त्याच्या खिंडीपर्यंत वाट सोपी. खिंडीनंतर चढ-उतार, मधूनमधून झाडीचे पट्टे, कारवीची दाटी. एक टेकाड संपलं की पुढचं उभं असतं आणि तोरणा तेवढाच लांब दिसतो. गड उतरण्यापासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत आम्हाला सहा ते सात तास लागले, तेही नीट चालून.

अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. बुधल्याच्या अलीकडे धार निमुळती होते, पायाखाली मुरमाड घसारा आणि दोन्ही बाजूंना उतार. फेब्रुवारीत वर वाळलेलं गवतही होतं. ते बुटाखाली आडवं पडलं की पाय सर्रकन जातो. तोपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि मांड्या भरून आलेल्या असतात. माझ्या सोबतचा एक जण इथे घाबरून बसला. त्याची सॅक मी घेतली, त्याला पुढे घातला आणि दोन पावलं, थांब, दोन पावलं असं करत शिडीपर्यंत आलो. तोरण्याच्या भगत दरवाज्यातून आत शिरल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून या वाटेवर कुणीही येऊ नये.

पाण्याचंही तसंच. फेब्रुवारीत माणशी तीन लिटर घेतलं होतं, तरी बुधल्यापर्यंत ते संपलं. आता मी चार लिटर आणि मीठ-साखर घालून केलेलं लिंबूपाणी वेगळं नेतो. धारेवर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. खिंडीत कधी सरबत-ताक मिळतं, कधी चिटपाखरू नसतं.

उलट दिशा मला पटली नाही. तोच घसारा उतरावा लागतो, सकाळचं ऊन तोंडावर येतं आणि दिवसाच्या शेवटी संजीवनीचा चढ उरतो. राजगडाकडून निघालं की सूर्य पाठीशी राहतो. जूनमध्ये ढग उतरले आणि वाट समजून आम्ही एका सोंडेवर बरंच खाली गेलो. सोबतच्या गावकरी दादांनी हाक मारून मागे आणलं. पावसाळ्यात ही धार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तर कोरड्या दिवसांतही गावातला वाटाड्या घ्यावा.

२०२५ साली राजगड जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा मला फार आनंद झाला. पण जूनमध्ये खिंडीच्या कडेला बाटल्यांचा खच दिसला आणि जीव तुटला. आम्ही एक पोतं भरून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात आणलं, तरी निम्म्याहून जास्त मागेच राहिलं.

डिसेंबरची फेरी सर्वांत चांगली झाली. हवा स्वच्छ होती, बुधल्यावरून रायगड आणि लिंगाणा ओळखू आले. तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळात टेकून दुपारी उशिरा वेल्ह्याकडे उतरलो. गाडी गुंजवण्यातच राहिलेली असते, त्यामुळे परतीची जीप आदल्या दिवशीच बोलून ठेवा. यंदाच्या डिसेंबरात मुलीला घेऊन जाणार आहे, पण तिला खिंडीपर्यंतच. पुढचा घसारा तिनं अजून दोन वर्षांनी करावा.