छायाचित्रावरून पूर्वज सांगणारे ॲप

चेहऱ्याचे छायाचित्र दिले की पूर्वजांचा प्रदेश टक्केवारीसह सांगण्याचा दावा करणारे एक ॲप मी आठवडाभर वापरून पाहिले. खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात काढलेल्या छायाचित्रावरून त्याने मला ज्या खंडाचा ठरवले, त्याचा वाटा त्याच खुर्चीत चष्मा काढून, दिवा लावून घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्रात निम्म्यावर आला. पूर्वज मात्र दरम्यान बदलले नव्हते.

मांडणी सुबक आहे आणि निकाल चटकन येतो, एवढे मान्य. पण नाकाच्या मुळाच्या ठेवणीशी पॅक्स३ या जनुकाचा संबंध आढळला म्हणून चेहऱ्यावरून वंशावळ वाचता येत नाही, कारण चेहरा असंख्य जनुकांच्या एकत्रित परिणामातून आणि वय, वजन यांतून घडतो, शिवाय अरुंद नाकपुड्यांचा संबंध थंड, कोरड्या हवेशी असल्याने दूरदूरच्या समूहांतही सारखी नाके दिसू शकतात. मानवी जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच समूहातील व्यक्तींमध्ये असतो, हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. ॲपच्या माहितीपानावर याचा उल्लेख नाही. आपले छायाचित्र सर्व्हरवर किती काळ राहते, हेही तेथे लिहिलेले नाही, आणि खाते बंद करण्याचे बटण मला बऱ्याच शोधाशोधीनंतर सापडले.