नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर घालायचा हेडसेट

नागपुरात कामासाठी हेडसेट घ्यायचा असेल तर आवाजाचं नंतर बघा, आधी कानाला लागणारी गादी बघा. नेटवरच्या परीक्षणांत बास किती, ड्रायव्हर म्हणजे आतला स्पीकर किती मिलिमीटरचा, हे सगळं साग्रसंगीत असतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकल्यावर त्या काळ्या रेक्झिनखाली कानाचं काय होतं, ते मात्र कोणी लिहीत नाही. बहुतेक सगळे एसीत बसून लिहीत असावेत.

माझं काम आरोग्य विम्याच्या क्लेमचे फोन घ्यायचं. त्रिमूर्तीनगरात, घरूनच. सकाळी लॉगिन केलं की जेवणाची सुट्टी सोडून संध्याकाळपर्यंत हेडसेट डोक्यावर. खोलीत एसी नाही, खिडकीला कूलर आहे आणि मला चष्मा आहे. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर जॅब्रा कंपनीच्या इव्हॉल्व्ह २० हेडसेटबद्दलचं माझं हे मत तुमच्या फारसं कामाचं नाही.

आधीचा हेडसेट कामावरून मिळालेला होता, कंपनीचं नाव घेत नाही. एका उन्हाळ्यात त्याच्या गाद्यांचे पापुद्रे सुटायला लागले. व्हिडिओ मीटिंगमध्ये टीमलीड म्हणाली, "ताई, गालाला काय लागलंय?" ते काळे कण कान, मान, ओढणी, सगळीकडे. यात त्या एका कंपनीचा दोष नाही म्हणा. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर. घाम आणि दमट हवा यांनी तो हळूहळू सुटतोच. आणि कूलर तर दिवसभर दमट हवाच फेकतो.

म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. तिथल्या मोदी नंबर दोन नावाच्या गल्लीत दुकानदाराला सांगितलं की दिवसभर कॉलवर बोलायला पाहिजे. त्यानं काय काढावं? लाल-निळे दिवे लागणारा गेमिंग हेडसेट. "ताई, हाच घ्या नं, सगळे पोट्टे हाच घेऊन राहिले." म्हटलं भाऊ, मला गेम नाही खेळायचा, लोकांचे क्लेम ऐकायचे आहेत. तरी घालून बघितला, चष्म्यासकट. आधीच्या गिऱ्हाइकाचं बिल होईस्तोवर चष्म्याच्या काड्या कानामागे रुतायला लागल्या. दुकानात घालून बघायची सोय असेल तर अशीच परीक्षा घ्या: चष्मा काढायचा नाही, लगेच उतरवायचा नाही आणि मान खाली घालून बघायची. डोक्याचा पट्टा घसरला तर जेवणानंतर टायपिंग करताना तो रोज घसरणार.

मग त्यानं ब्लूटूथचा आग्रह धरला. गाणी ऐकायला ब्लूटूथ छान. पण त्याचाच माईक चालू केला की बहुतेक हेडसेट संभाषणाच्या मोडमध्ये जातात आणि ऐकू येणारा आवाज एकदम टेलिफोनसारखा बारीक होतो. शिवाय चार्जिंगची कटकट. साध्या गोल पिनेच्या हेडसेटचं वेगळं: लॅपटॉपला हल्ली ऐकण्याचं आणि माईकचं मिळून एकच भोक असतं, जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन. पीन जुळली नाही तर माईक मुकाच. यूएसबी हेडसेटला ही भानगड नाही. त्याचं साऊंड कार्ड त्याच्याच आत असतं, त्यामुळे डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला येणारी घरघरही टळते.

शेवटी घेतला तो जॅब्राचा इव्हॉल्व्ह २०, दोन्ही कानांचा. मला साडेतीन हजारांच्या आसपास पडला. दुकानदाराच्या मते एवढ्यात दिवेवाले दोन आले असते. याच्या गाद्या फोमच्या आहेत, जुन्या वॉकमनला असायच्या तशा, फक्त जाड. कानाला झाकून न टाकता कानावर टेकतात. फोममधून हवा खेळते. घाम येतोच, नागपूर आहे बाप्पा, पण तो साचत नाही. जेवायला उठलं की परत येईस्तोवर गादी कोरडी. चष्म्याच्या काडीवरही दाब पडत नाही, कारण गादी काडीच्या खाली बसते. संध्याकाळी हेडसेट काढल्यावर कान लाल नसतात, एवढ्यासाठीच मी पैसे दिले.

माईकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे दुकानदारही गोंधळ घालतात. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' छापलेलं असतं, त्याचे अर्थ दोन. एक तुमच्या कानांसाठी: बाहेरचा आवाज तुम्हाला कमी ऐकू यावा म्हणून. दुसरा पलीकडच्या माणसासाठी: तुमच्या घरातला आवाज त्याला जाऊ नये म्हणून. कॉलवाल्याला दुसरा पाहिजे, आणि इव्हॉल्व्ह २० मध्ये तोच आहे. कूलर फुल ठेवून रेकॉर्डिंग केलं, मग ऐकलं. पंख्याची घूं-घूं बरीच दबली होती. पण कूलरचा झोत थेट तोंडावर येत असेल तर मात्र हाच काय, कोणताही माईक हात टेकतो, कारण मग आवाज नाही, वारा माईकवर आपटतो आणि पलीकडे नुसती फडफड जाते. कूलरच्या पट्ट्या दुसरीकडे वळवा. माईकची दांडी ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटं लांब. अगदी तोंडासमोर धरली की 'पॉलिसी'तला प आणि 'भरपाई'तला भ फाटतात.

वायरवर एक चपटं बटणपॅड आहे, म्यूट त्याच्यावर. म्यूट असताना लाल दिवा दिसतो. स्वयंपाकघरातून आईंची हाक आली की मी न बघता दाबते आणि मग दिवा बघून खात्री करते.

आता न आवडलेलं. फोम बाहेरचा आवाज अडवत नाही, सगळा आत येतो. कूलर जोरात असला की हात आपोआप आवाज वाढवायला जातो, आणि दिवसभराच्या कामात हे बरं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलची मर्यादा सांगते. मी कूलरच मधल्या स्पीडवर आणते, थोडं उकडलं तरी चालेल. गोंगाटाच्या ऑफिसात, सगळे एकदम बोलत असताना, हा हेडसेट मी सुचवणार नाही. गाण्यांसाठीही नाही. आणि हा फक्त यूएसबीचा आहे, मोबाइलला गोल पिनेनं लावायचा असेल तर त्याच मालिकेतला इव्हॉल्व्ह ३० बघा.

याच मॉडेलमध्ये एका कानाचाही येतो. माझ्या जाऊबाई ऑनलाइन शिकवण्या घेतात, त्यांना तो आवडला: एक कान मुलांकडे, एक दारावरच्या बेलकडे. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर तोच घ्या. मला पलीकडचे पॉलिसी नंबर चुकून चालत नाहीत, म्हणून दोन्ही कानांचा. शिवाय खोक्यावर एमएस आणि यूसी अशी दोन नावं दिसतील. ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं टीम्सच चालत असेल तर एमएस, नाहीतर यूसी.

फोम कायम टिकणारा नाही. रोज डोक्याला तेल लावणाऱ्यांचा लवकर काळवंडतो, मग चपटा होतो. गाद्या सुट्या मिळतात, पण त्या दुकानात नव्हत्या, मी ऑनलाइन मागवल्या. जुनी गादी कडेकडेनं ओढली की निघते, नवी बसवायला नखं लागतात. आणि वायर खुर्चीच्या चाकाखाली येऊ देऊ नका, मी ती टेबलाच्या पायाला शिवणकामाच्या नाडीनं बांधून टाकली आहे.