रेल्वे भरतीचा ऑनलाइन अर्ज: साइट चांगली, पण खातं उघडण्याआधी कागद तयार ठेवा

रेल्वे भरती मंडळाच्या अर्जाच्या साइटला पाचपैकी साडेतीन. एकदा खातं उघडलं की पुढच्या भरतीलाही तेच चालतं. शुल्काची सोय तर खरंच उत्तम: सवलतीत न बसणाऱ्यांना 500 रुपये, संगणकावरची परीक्षा दिली की त्यातले 400 परत. महिला, एससी, एसटी, अल्पसंख्याक यांचे 250 पूर्ण परत, बँकेचं शुल्क तेवढं कापून. बँक शाखेचा आयएफएससी कोड चुकला तर मात्र पैसे अडकतात.

दीड गुण कापला तो खात्यासाठी. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळावी लागते. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. म्हणून आधी आधार केंद्रात दुरुस्ती, मग खातं. अर्जातल्या दुरुस्तीची खिडकी नंतर उघडते, दर वेळी 250 रुपये पडतात. पण खात्यातला तपशील आणि निवडलेलं भरती मंडळ (मुंबई वगैरे) तेव्हाही बदलत नाही.

दुसरी अडचण दाखल्यांची, आणि चांगली मुलं कागदपत्र पडताळणीत इथेच बाहेर पडतात. ओबीसींनी सेतूत नॉन-क्रिमीलेअर दाखला मागताना केंद्राच्या नमुन्यातलाच हवा हे ठासून सांगा, राज्याचा चालत नाही. सिन्नर-येवल्याकडच्या वंजारी आणि धनगर उमेदवारांनी अर्जात एनटी (भटक्या जमाती) शोधू नये, केंद्राच्या यादीत दोघेही ओबीसीत आहेत. राज्यातल्या मराठा आरक्षणाच्या एसईबीसी दाखल्याचा इथे उपयोग नाही. मराठा उमेदवार निकषात बसत असेल तर त्याने केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढावा.

परीक्षा मराठीतून देता येते, पण भाषा अर्जातच निवडायची असते.

नाशिकरोड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं, म्हणून इथली बरीच मुलं मुंबई मंडळ धरतात. नेमणूक नाशिकलाच होईल असं समजू नका, सोलापूर किंवा नागपूरही निघू शकतं. जागा कमी दिसल्या म्हणून अर्ज सोडूही नका: 2024 मध्ये सहाय्यक लोको पायलटच्या 5,696 जागा पुढे 18,799 झाल्या.

आयटीआय झालेल्यांनी नाशिकरोडच्या ट्रॅक्शन मशीन कारखान्यातल्या अप्रेंटिसशिपकडेही बघावं. तिचा अर्ज मध्य रेल्वेच्या भरती कक्षाकडे वेगळा भरायचा, लेखी परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. ती पूर्ण केलेल्यांना लेव्हल वनच्या (पूर्वीच्या ग्रुप डीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात.