रेट ड्रॉप रिस्पॉन्स, आठ महिन्यांनी: रात्री अडीचची धडधड

भोवळ येऊन पडणाऱ्या पेशंटला डबल चेंबर (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कप्प्यांत तार असलेला) पेसमेकर बसला की त्यातलं रेट ड्रॉप रिस्पॉन्स, म्हणजे ठोके एकदम घसरले की थोडा वेळ जलद ठोके देणारं फीचर, डोळे मिटून चालू करा, असं माझं सुरुवातीचं मत होतं. आठ महिन्यांत ते निम्मं उरलंय. फीचर चांगलंच आहे, पण ते चालू करून पेशंटला तसंच घरी पाठवणं वाईट.

तक्रार एकच, झोपेची. घसरण ओळखायचे यात दोन मार्ग आहेत. ड्रॉप डिटेक्शन ठरावीक वेळात ठोके किती घसरले ते मोजतं. लो रेट डिटेक्शन फक्त एवढंच बघतं, की खालच्या मर्यादेवर सलग दोन-तीन ठोके पेसमेकरला द्यावे लागले का. दोन्ही चालू आणि ही खालची मर्यादा, म्हणजे लोअर रेट, मिनिटाला ५० असला, की ज्याचे स्वतःचे ठोके झोपेत ४५ वर जातात त्या माणसाला मशीन पडता पडता सावरायला धावतं. दोन मिनिटं १०० च्या गतीने! माणूस दचकून उठतो आणि सकाळी घरचे 'मशीन बिघडलं' म्हणत पुन्हा एसटी पकडतात. एक दिवसाची मजुरी गेली, निघालं काही नाही.

प्रोग्रामरवर (पेसमेकर तपासायच्या यंत्रावर) एपिसोडचा, म्हणजे मशीनने नोंदवलेल्या घटनेचा, आलेख उघडला की फरक नजरेत भरतो. झोपेतला उतार गच्चीच्या पाण्यासारखा हळू असतो: ६२, ५८, ५४, मग ५० ची सपाट रेघ आणि एकदम १००. खरी भोवळ म्हणजे कडा. ८५-९० वरून पाव-अर्ध्या मिनिटात थेट लोअर रेटवर.

इथे एक चूक कबूल करायची आहे. धडधड थांबवायला मी इंटरव्हेन्शन रेट (मशीन सावरताना देतं ती गती) १०० चा ८० करा म्हणत होतो. ते मागे घेतो. भोवळीत ठोक्यांबरोबर बीपीही कोसळतं, तिथे ८० ने फारसं भागत नाही. गती तशीच ठेवा, पारख कडक करा. लो रेट डिटेक्शन बंद, लोअर रेट ४० ते ४५, ड्रॉप साइज (किमान घसरण) २५, ड्रॉप रेट (ज्याच्या खाली जायला हवं तो आकडा) ५०, डिटेक्शनचे ठोके (इतके सलग ठोके खाली हवेत) ३. जिना चढून बसल्यावर ९५ चे ६५ झाले तरी मग मशीन गप्प राहतं, कारण आकडा ५० च्या खाली गेलेलाच नसतो.

पेशंट पडला आणि त्या वेळेचा एपिसोड मेमरीत नाही, तर या सेटिंगला हात लावू नका. झोपवून आणि उभं करून बीपी घ्या, लघवीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या विचारा, लीडचा (हृदयातल्या तारेचा) थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पडायला लागणारं किमान व्होल्टेज, आणि सेन्सिंग, म्हणजे हृदयाचे स्वतःचे ठोके ओळखणं, तपासा. नुसतं बीपी पडत असेल तर पेसिंग काही करू शकत नाही. २००३ च्या व्हीपीएस-२ चाचणीत १०० जणांना पेसमेकर बसवून काहींचं पेसिंग बंद ठेवलं होतं, तरी ठळक फरक निघाला नाही. २०१२ च्या इश्यू-३ मध्ये मात्र चाळिशीपुढचे, हृदय थांबल्याची नोंद असलेलेच निवडले. दोन वर्षांत पुन्हा पडणारे पेसिंग बंद असलेल्यांत ५७ टक्के, चालू असलेल्यांत २५. म्हणजे खरं सेटिंग पेशंट निवडतानाच होतं.

उजव्या जवनिकेतला (हृदयाच्या खालच्या कप्प्यातला) इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजून आधीच गती वाढवणारं क्लोज्ड लूप स्टिम्युलेशन २०२१ च्या बायोसिंक चाचणीत पेसिंग बंद ठेवण्यापेक्षा उजवं ठरलं: १२७ पेशंट, पुन्हा पडले १६ विरुद्ध ५३ टक्के. पण ते वेगळं मशीन. बसलेल्या पेसमेकरात ते मागाहून घालता येत नाही.

जाता जाता बॅटरी. ठोका देण्यासाठी बसवताना ठेवलेले साडेतीन व्होल्ट वर्षानुवर्षं तसेच चालू दिसतात, बघून जीव तुटतो. तीन महिन्यांनी लीड स्थिरावली आणि थ्रेशोल्ड ०.७५ असेल तर २ व्होल्ट पुरतात. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दर ठोक्याचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. बदल केल्यावर नवा प्रिंटआउट पेशंटच्या फाइलमध्ये लावा आणि जुना काढून टाका, नाहीतर पुढच्या चेकिंगला कोणीतरी जुना बघून सगळं पूर्ववत करून ठेवतो.