ठाण्यातील संप्रेरक उपचारांचा एक दवाखाना: पारलिंगी मुलाच्या आईचा अभिप्राय

माझा 24 वर्षांचा मुलगा पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी अशी झाली होती. त्याचे टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचे (हार्मोनचे), उपचार नौपाड्यातील एका हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांकडे चालू आहेत. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथे येणाऱ्या काही जणांनी घरी अजून काहीच सांगितलेले नाही आणि त्या दारात कोण दिसले याची चर्चा कोणी करू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र हे उपचार नीट कसे होतात हे कळले, तर इतर पालकांना कोणत्याही दवाखान्याची पारख करता येईल.

येथे येण्यापूर्वी एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला ‘लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल’ असा सल्ला मिळाला होता. लिंगभाव बदलून ‘बरे’ करण्याचे प्रयत्न राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत, तरीही असे सल्ले सर्रास दिले जातात. दुसऱ्या ठिकाणी ‘आम्ही अशा केसेस घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. या नकारांचा परिणाम असा झाला, की मुलाने जिममधल्या एका प्रशिक्षकाकडून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घ्यायला सुरुवात केली. तेथे त्याला कोणी प्रश्न विचारत नव्हते, पण तपासतही नव्हते.

नौपाड्यातल्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी त्या इंजेक्शनची कुपी मागवून घेतली. तिच्यावर औषधाचे नाव आणि प्रमाण ठळक छापलेले होते, पण बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख यांपैकी काहीच नव्हते. आत लिहिले आहे तेच आणि तेवढेच औषध असेल याची खात्री नाही, आणि हे औषध ज्यात मिसळलेले असते ते तेल निर्जंतुक नसेल तर टोचल्या जागी गळू होऊ शकते, हे डॉक्टरांनी न रागावता समजावून सांगितले. सुई एकमेकांत वापरली का, हेही त्यांनी विचारले आणि हिपॅटायटिस व एचआयव्हीच्या तपासण्या लिहून दिल्या. मग रक्ताचा अहवाल आला. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, 55 टक्के होते. टेस्टोस्टेरॉनमुळे या पेशी वाढतात, रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून हे प्रमाण 54 टक्क्यांच्या वर गेले की औषध थांबवतात किंवा कमी करतात. प्रमाण उतरेपर्यंत डॉक्टरांनी औषध लिहून दिले नाही. मुलगा फार निराश झाला होता, परंतु या दवाखान्यावर माझा विश्वास बसला तो याच नकारामुळे. आधीचे नकार त्याला हाकलणारे होते. या नकारासोबत पुढच्या तपासणीची तारीख होती.

उपचार रीतसर सुरू करण्याआधी आवाज आणि दाढी यांतले बदल बहुतांशी कायमचे असतात, हे सांगून स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याबद्दल विचार करायला वेळ दिला गेला. मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली गेली. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासले जाते आणि प्रत्येक वेळी रक्तदाबही पाहिला जातो.

एक बाब पालकांनी अवश्य लक्षात ठेवावी. प्रयोगशाळेत आधार कार्डाप्रमाणे ‘स्त्री’ अशी नोंद झाली, की अहवालातील मर्यादाही स्त्रियांच्याच छापल्या जातात आणि टेस्टोस्टेरॉन स्थिरावल्यावर योग्य असलेले हिमोग्लोबिनही ‘जास्त’ म्हणून ठळक अक्षरांत येते. ते पाहून मी घाबरले होते. डॉक्टर पुरुषांच्या मर्यादेशी ताडून अहवाल वाचतात आणि तसे कागदावर लिहूनही देतात.

तक्रारीही आहेत. या रुग्णांसाठी आठवड्यातली एकच संध्याकाळ आहे आणि पहिल्या भेटीसाठी महिना-दीड महिना थांबावे लागते. घायकुतीला आलेला मुलगा तेवढ्या काळात पुन्हा जिमची वाट धरू शकतो. स्वागतकक्षात भरल्या खोलीत आधार कार्डावरचे जुने नाव पुकारले जाते. मी दोनदा सांगूनही ते थांबलेले नाही, आणि इतक्या काळजीने चालणाऱ्या दवाखान्यात हे अक्षम्य आहे. संमतिपत्र फक्त इंग्रजीत असल्यामुळे माझ्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या पालकांना ते मुलाकडून वाचून घ्यावे लागते.

खर्चाचा भारही मोठा आहे. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचे कलम 15 संप्रेरक उपचार, समुपदेशन आणि विमा यांची जबाबदारी सरकारवर टाकते, तरी आमच्या फाईलमधील प्रत्येक पावती आम्हीच भरलेली आहे. याच जिल्ह्यात कल्याणला पारलिंगी व्यक्तींसाठी असलेले ‘मित्र’ क्लिनिक अमेरिकेची मदत थांबल्यावर 2025 च्या सुरुवातीला बंद पडले. ज्यांना नौपाड्यातली फी परवडत नाही त्यांनी कोठे जावे, हे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी सार्वजनिक रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागांची यादी हाती दिली आणि तोवर बाहेरून काहीही टोचून घेऊ नये असे बजावले.

जाणाऱ्यांनी आधीचे सर्व अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि बाहेरून घेतलेले काही असेल तर त्याची कुपी किंवा पाकीट सोबत न्यावे. नाव पुकारले जाऊ नये म्हणून वापरातले नाव नोंदणीच्या वेळीच फोनवर सांगावे आणि ते लिहून घेतले का, हे पुन्हा विचारावे.